पोटखराब

सातबाऱ्यावर या जमिनीला पोट आहे
आणि ते खराब आहे, असं आमच्या खात्याचं निदान.
गट नंबर चारशे बारा. गायरान. आकार निरंक.
पीकपाहणीच्या रकान्यात चौऱ्याऐंशी वर्षं
वेगवेगळ्या तलाठ्यांच्या अक्षरात
एकच शब्द: गवतपड.

मी मोजणीदार. तेहतीस वर्षं, करवीर आणि कागल.
साखळी ओढली, फलक मांडला, शेवटी शेवटी
उपग्रहाशी बोलणारी ती काठीही खांद्यावर घेतली.
कुसळं मात्र सगळ्या यंत्रांच्या काळात
तशीच घुसली पायमोज्यात.
बायको चिमट्यानं काढायची, म्हणायची,
आज पण गायरानच ना?

जुन्या टिपणात एक खूण होती,
वायव्येला 'चित्त्याचा दगड'.
गावात विचारलं तर हसायचे.
मग कोल्हापुरात, घड्याळं दुरुस्त करणारे
बशीर चित्तेवान भेटले.
आडनाव तेवढं राहिलंय, म्हणाले.
पणजोबा बैलगाडीतून चित्ता आणायचे या माळावर,
डोळ्यांवर टोपडं बांधून,
लेकराला बांधावं तसं.
समोर काळविटांचा कळप.
टोपडं काढलं की चारशे पावलं, फार तर पाचशे.
त्यापुढं तो धावायचा नाही.
त्या दगडावर जाऊन बसायचा, पाठ करून.
दोन दिवस जेवायचा नाही.
पणजोबाही नाही.
हे सांगताना बशीरभाईंच्या एका डोळ्यावर
भिंग तसंच होतं.

काळवीट गेलं. चित्ता तर गेलाच.
दगड आहे. त्यावर चंडोल बसतो,
बसतो कसला, उगाच टेकतो
आणि पुन्हा वर, आवाजाच्या आधारानं.
दिवाळीनंतर भोवत्या येतात, कुठल्या कुठल्या बर्फातनं,
गवतावर हातभर तरंगत
टोळ हुडकत जातात.
एकानंही कधी अर्ज केल्याचं
माझ्या पाहण्यात नाही.

शेवटची मोजणी अतिक्रमणाची.
वरनं आदेश होता.
सदतीस घरं पत्र्याची, एक पिठाची गिरणी,
पोलीस गाडीच्या सावलीत.
अक्काताई घस्ते दारात उभी राहिली.
"सायेब, माज्या न्हाणीमागं खोकडीण व्यालीया.
तिचं बी मोजतासा काय?
मी आलो तवा ती हुतीच.
म्या न्हाई तिला हाकललं."

तसा रकाना नव्हता.
मी लिहिलं, सदतीस.

अकरा नंबरची खूण मुरमाच्या सपाटीवर आली.
हणमानं पहार उचलली आणि तशीच धरली.
टोकाखाली चार अंडी,
मातकट, शाई झटकल्यासारखे डाग.
घरटं म्हणावं तर पाच-सहा खडे
आणि एक वाळलेली लेंडी.
टिटवी डोक्यावर बोंबलत होती,
मग खाली उतरून लंगडायला लागली,
पंख मोडल्याचं सोंग करत
आम्हाला हळूहळू हद्दीबाहेर नेत होती.
हद्द हिला आपल्यापेक्षा चांगली माहितीय,
हणमा म्हणाला. किंवा मीच म्हणालो असेन.

दगड आम्ही दीड हात पूर्वेला रोवला.
शेऱ्यात लिहिलं: खडक लागल्याने.
तेहतीस वर्षांत लिहिलेलं एवढंच खोटं,
म्हणजे, पैसे न घेता लिहिलेलं.

आता निवृत्त आहे. घरांचं कोर्टात आहे.
सोलरवाले येऊन बघून गेले म्हणतात.
नकाशात ती रेघ अजून किंचित वाकडी,
भिंगाशिवाय दिसायची नाही.
कुणी नवा पोरगा जाईल, यंत्र पिकपिक करेल,
त्याला चूक सापडेल.
त्यानं नुसतं खाली वाकून बघावं.

रात्री कधी रंकाळ्याच्या बाजूनं टिटवी ओरडते.
मी उठून बसतो.
एवढ्या रात्री
कुणाची मोजणी चालली असेल?